मिठाचा घास

खैरुद्दीनला मीठ कळत नसे. आचाऱ्याबद्दल असं सांगायचं म्हणजे शिंप्याला सुई दिसत नाही म्हटल्यासारखं झालं. पण खरं ते खरं. सातव्या वर्षी विषमज्वरातून तो उठला तेव्हा त्याच्या जिभेवरून खारट तेवढं पुसलं गेलं होतं. गोड कळे, आंबट कळे, मिरचीनं डोळ्यांत पाणीही येई. पण विहिरीचं पाणी नि दर्याचं पाणी त्याच्या जिभेला सारखंच. आणि ही गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती, त्याच्या बायकोला.

लग्नानंतर आठव्या दिवशी हाफिजाच्या माहेरची माणसं जेवायला आली. दाभोळच्या खाडीकाठी खैरुद्दीनच्या हातच्या मटणाचं नाव होतं, म्हणून त्यानं हौसेनं स्वतः हंडी चढवली. मिठाचा अंदाज एरवी बरोबर बसे, त्या दिवशी हात सैल पडला. हाफिजानं पळी टेकवून चाखलं आणि मुकाट्यानं कणकेचे चार गोळे हंडीत सोडले. पाहुणे बोटं चाटत गेले. रात्री तिनं विचारलं, नवऱ्यानं खरं सांगितलं आणि विषय तिथंच मिटला. त्या दिवसापासून जेवण चुलीवरून उतरलं, की खैरुद्दीन भाकरीचा तुकडा मोडायचा, रश्श्यात बुडवायचा, तिच्या तोंडात घालायचा आणि विचारायचा, "मीठ?" ती डोळे मिटायची. मग एक तर मान हलवायची, नाही तर दोन बोटांच्या चिमटीनं किती ते दाखवायची. घरच्यांना वाटे, काय प्रेम आहे! प्रेम होतंच, पण त्यात आचाऱ्याची अब्रूही होती.

अकरा वर्षं असं चाललं. मूल मात्र झालं नाही. खैरुद्दीनच्या आईनं दुसऱ्या लग्नाचा धोशा लावला, मोहल्ल्यातल्या बायकांनी तिला साथ दिली. खैरुद्दीननं ऐकलं नाही. या एका बाबतीत तो शहाण्यासारखा वागला, हे आधीच सांगून ठेवते. पुढं तसं म्हणायची पाळी येणार नाही.

मोहल्ल्यातले अलीमियाँ दुबईला एका व्यापाऱ्याच्या वखारीत होते. बासष्ट साली ते खैरुद्दीनला घेऊन गेले. अल ऐनला खजुरीच्या बागांच्या कडेला एका विलायती डॉक्टर नवरा-बायकोनं छोटा दवाखाना काढला होता आणि त्यांना स्वयंपाकी हवा होता. निघताना हाफिजानं त्याच्या हातात खाडीत मिळणाऱ्या तिसऱ्यांचा एक रिकामा शिंपला ठेवला. दहा माणसांना एक शिंपला मीठ, सपाट, असं सांगितलं. जिभेच्या भरवशावर राहू नका. पुढं अलीमियाँ गावी आले-गेले, की त्यांच्याबरोबर ती स्वतः भाजून कांडलेल्या मसाल्याचा पत्र्याचा डबा पाठवायची. शिंपला नि डबा, या दोन गोष्टींवर खैरुद्दीनची नोकरी उभी होती.

दवाखाना म्हणजे मातीच्या चार खोल्या आणि खजुरीच्या झावळ्यांच्या पडव्या. वाळवंटातून उंटावर बसून बायका बाळंतपणाला यायच्या, कुणी क्षयाच्या खोकल्यानं पिंजून आलेल्या असायच्या. डॉक्टरांनी डबाबंद सूप दिलं, की त्या वाडगं बाजूला सारायच्या. काही जणी औषधाला नाही, त्या सूपला घाबरून पळून जात. एकदा वाळवंटातल्या भटक्या बदू टोळीतल्या एका म्हातारीनं ओढणीची गाठ सोडून नातीसाठी तांबडं बी बाहेर काढलं. खैरुद्दीन बघतच राहिला. ते अळीव होतं. बाळंतिणीला त्याच्या आईनं, आजीनं दिलेलं अळीव या मुलखातल्या आज्याही देतात, हे बघून त्याला परकेपणा गेल्यासारखं वाटलं. त्यानं नारळाच्या दुधात खीर करून दिली. मग म्हातारीनं त्याला हरीस शिकवली, म्हणजे गहू नि मटण मऊ होईपर्यंत घोटून केलेली लापशी. त्यात त्यानं चिमूटभर हाफिजाचा मसाला टाकला आणि बायका वाडगी पुसून खायला लागल्या. डॉक्टरीणबाई वजनांच्या तक्त्याकडे बघून म्हणायच्या, की अर्धा दवाखाना खैरुद्दीन चालवतो.

दवाखान्यात साजिदा नावाची आया होती. मुरूडकडची, पंचविशीची. तिचा नवरा दुबईत गवंडीकाम करताना परांची कोसळून गेला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला ठेवून घेतली. तिची चार वर्षांची मुलगी शहनाझ बाईंच्या पायात घोटाळत वाढली, त्यामुळं मराठीत विचारलं तरी ती इंग्रजीत उत्तर द्यायची. साजिदा खैरुद्दीनला भाईजान म्हणायची आणि डोक्यावरचा पदर सावरूनच त्याच्याशी बोलायची. दोघांत बोट ठेवायला जागा नव्हती. असती, तर निदान पुढचं सगळं कशापायी झालं ते तरी सांगता आलं असतं.

चौसष्टच्या हिवाळ्यात डॉक्टरीणबाईंनी आपण होऊन विषय काढला. स्वयंपाकघरात बाईमाणूस हवंच आहे, मागची खोली रिकामी आहे, बायकोला घेऊन ये. आणि ती आली, की मूल का होत नाही तेही मी बघते. पुष्कळ वेळा इलाज साधा असतो. खैरुद्दीननं त्याच दिवशी गावी पत्र घातलं. हाफिजाला लिहिता येत नव्हतं. मोहिद्दीन मास्तरांनी तिच्या वतीनं उत्तर लिहिलं, की पावसाळा संपल्यावर पहिल्या बोटीनं अलीमियाँच्या सोबतीनं येते. त्या दिवसापासून या माणसाचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. त्यानं खोलीला स्वतः चुना मारला, दोन वेळा. चुलीला बाजूला कमी उंचीचा ओटा बांधला, कारण हाफिजा बुटकी होती. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ओटा दाखवायचा. बदू बायकांनाही दाखवायचा, त्या हसायच्या.

फेब्रुवारीत फिल्मवाला आला. तेलकंपनीला या मुलखातल्या दवाखान्यांवर फिल्म हवी होती. चार दिवस सुया, बाटल्या, तापाचे कागद चित्रित करून साहेब कंटाळला. पाचव्या दिवशी त्यानं बायकांना हरीस खाताना बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. त्याला गोष्ट सापडली होती. दूर देशीचा स्वयंपाकी परक्या बायकांना आपल्या चवीनं बरं करतो. फक्त त्या गोष्टीला शेवट हवा होता. दिवसभर दुसऱ्यांना खाऊ घालणारा माणूस संध्याकाळी आपल्या कुटुंबात बसून जेवतो. कुटुंब कुठं आहे, असं त्यानं विचारलं. गावी आहे, असं कळल्यावर त्याची नजर साजिदा आणि शहनाझवर गेली.

साजिदा नाही म्हणाली. माझ्या मुलीला उद्या लोक काय म्हणतील, हे तिचं म्हणणं अगदी रास्त होतं. पण डॉक्टरीणबाईंनी आग्रह केला, फिल्ममुळं दवाखान्याला मदत येईल म्हणाल्या. आणि खैरुद्दीननं तिची समजूत घातली. सातासमुद्रापलीकडे गोरे लोक बघणार, आपल्याला तिथं ओळखतंय कोण? ज्याच्यावर उपकार आहेत त्याला साजिदासारखी बाई किती वेळा नाही म्हणणार? ती तयार झाली.

ओट्याजवळ चटई टाकली. मटणाचा रस्सा नि तांदळाच्या भाकऱ्या मध्ये ठेवल्या. शहनाझला खैरुद्दीनच्या मांडीवर दिलं. साहेबानं डॉक्टरीणबाईंच्या मार्फत एवढंच सांगितलं, की घरी जे करतोस तेच कर. कॅमेरा खरखरायला लागला. आणि या शहाण्यानं घरी करायचा तेच केलं. भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, साजिदाच्या तोंडाशी नेला आणि विचारलं, "मीठ?"

साजिदा गोंधळली. कॅमेरा चालू होता, हात तोंडाशी आला होता. तिनं घास घेतला. आणि रांधणाऱ्या कुठल्याही बाईनं केलं असतं तेच तिनंही केलं. मान हलवली आणि दोन बोटांची चिमूट दाखवली. मीठ कमी होतं. खैरुद्दीननं चिमूटभर टाकलं. शहनाझनं त्यात बोट घातलं आणि ओरडली, "नो! हॉट!" तिघंही हसली. साहेबानं कॅमेरा थांबवला नाही.

नंतर खैरुद्दीन विहिरीवर जाऊन तोंड धूत बराच वेळ उभा राहिला. त्या घासापुरता तो अल ऐनला नव्हताच. तो खाडीकाठच्या आपल्या चुलीपुढं होता आणि समोर हाफिजा डोळे मिटून बसली होती. तीन वर्षांत त्याला एवढं बरं वाटलं नव्हतं.

एप्रिलात साहेब तयार फिल्म घेऊन आला. दवाखान्याच्या भिंतीवर चादर लावली. इंग्रजीत एक भारदस्त आवाज गोष्ट सांगत होता. शेवटी चटईवरचा प्रसंग आला तेव्हा तो आवाज म्हणाला, की हा खैरुद्दीन, ही त्याची वाइफ आणि ही त्याची डॉटर. एवढं इंग्रजी खैरुद्दीनला कळत होतं. त्याला हसू आलं. डॉक्टरीणबाई डोळे पुसत होत्या. साहेब म्हणाला, तो घास म्हणजे माझी सगळी फिल्म आहे; बाकी मी केलं, तो घास मात्र खरा आहे.

हे ऐकून खैरुद्दीनच्या डोक्यात ती कल्पना आली. कुणी सुचवली नाही, कुणी गळ घातली नाही. आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायला त्याला सोबत लागली नाही. रत्नागिरीकडच्या एका दवाखान्यात डॉक्टरसाहेबांचा मित्र होता, त्याच्याकडे फिल्म दाखवायचं यंत्र होतं. खैरुद्दीननं हात जोडले, ही फिल्म माझ्या गावी पाठवा, माझ्या बायकोला बघू दे. त्याचा हिशेब साधा होता. आपला घास पडद्यावर बघितल्याबरोबर हाफिजाला कळेल, की एवढ्या लांबही मी तिलाच भरवतोय. तिला इंग्रजी कुठं कळतंय? तिला घास तेवढा कळेल.

साजिदानं हे ऐकलं तेव्हा ती बाळंतिणींचे कपडे वाळत घालत होती. तिनं हातातलं काम टाकलं.

"नका पाठवू, भाईजान."

"अगं, ती माझी बायको आहे. ती मला ओळखते."

"तुम्ही घास कुणाला दिलात ते तुम्हाला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मलाही कळलं होतं. पण पडद्यावर तेवढं दिसत नाही."

खैरुद्दीन हसला. त्यानं मोहिद्दीन मास्तरांना पत्रही टाकलं, की मे महिन्यात गावात फिल्म येईल; हाफिजाला पुढं बसवा, सगळा मोहल्ला बोलवा. फिल्ममध्ये काय आहे ते लिहिलं नाही. गंमत जाईल, असं त्याला वाटलं.

अलीमियाँ उन्हाळ्याच्या रजेवर गावी गेलेले होते, पण मेनंतर तिकडून कुणाचंच पत्र आलं नाही. जून गेला, जुलै गेला. पावसात टपाल रखडतं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. मग म्हणायला लागला, की ती आवराआवरीत असेल. ऑगस्टमध्ये त्यानं खोलीला तिसऱ्यांदा चुना मारला.

ऑक्टोबरात बोट येणार म्हणून तो ट्रकमधून वाळू खात दुबईला गेला. हाफिजाला इथलं ऊन सोसणार नाही म्हणून बाजारातून छत्री घेतली. खाडीच्या धक्क्यावर छत्री काखोटीला मारून तो सकाळपासून उभा होता. बोट बाहेर नांगरलेली, पडाव माणसं आणत होते. तिसऱ्या पडावातून अलीमियाँ उतरले. त्यांच्या हातात ओळखीचा पत्र्याचा डबा होता. मागं कुणी नव्हतं. तरी खैरुद्दीन पडाव रिकामा होईपर्यंत बघत राहिला.

अलीमियाँनी त्याला चहाच्या टपरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. त्यांना आडपडदा ठेवायची सवय नव्हती. शाळेच्या पटांगणात चादर लावली होती. मोहल्ला लोटला होता, हाफिजा सर्वांत पुढं, नवं लुगडं नेसून. यंत्राबरोबर आलेला कंपाउंडर मोठा हौशी. इंग्रजी वाक्य आलं, की मराठीत ओरडून सांगायचा. शेवटी तो ओरडला, हा खैरुद्दीन, ही त्याची बायको, ही त्याची मुलगी. तशी खैरुद्दीनची आई उठली आणि मोठ्यानं म्हणाली, अल्लाचं शुकर, नातीचं तोंड दिसलं. दुसऱ्या दिवशी म्हातारीनं घरोघर साखर वाटली. हाफिजाच्या हातानं वाटायला लावली.

खैरुद्दीननं चहाचा कप खाली ठेवला. तुम्ही होतात ना तिथं, त्यानं विचारलं, सांगितलं नाहीत?

सांगितलं की, अलीमियाँ म्हणाले. घरी जाऊन सांगितलं, ती बाई आया आहे, फिल्मवाल्यानं नुसती बसवली होती, सगळं नाटक. हाफिजानं नीट ऐकून घेतलं. रडली नाही, बोल लावला नाही. "मला म्हणाली, बाकीचं नाटक असेल, पटलं मला. पण मिठाचं तिला कुणी सांगितलं? तेवढंच विचारलंन बघ. मला काही समजलं नाही. मिठाचं म्हणजे काय रे खैरू?"

अकरा वर्षं तिनं सासूचे टोमणे खाल्ले, वांझ म्हणवून घेतलं, पण नवऱ्याच्या जिभेची गोष्ट त्याच्या आईलासुद्धा कळू दिली नाही. तिच्याजवळ तेवढंच होतं. आणि त्यानं ते चादरीएवढं मोठं करून गावासमोर दुसऱ्या बाईच्या तोंडात घातलं होतं. तिनं चिमूट दाखवली होती. त्यानं मीठ टाकलं होतं. साजिदाला त्याच्या जिभेचं काही ठाऊक नाही, हे आता कुणाला आणि कसं पटवायचं?

"भावाकडे गेलीय, हर्णैला," अलीमियाँ म्हणाले. "येणार नाही म्हणाली. मी पुष्कळ सांगून बघितलं. खलास, तिचा एकच हेका. पण हा डबा मात्र दिलान. म्हणाली, त्यांना द्या, दवाखान्यातल्या बायका उपाशी राहायला नकोत."

बुडणाऱ्याच्या हाताला दोरी लागावी तसा खैरुद्दीननं तो डबा धरला. अलीमियाँना म्हणाला, मसाला पाठवला म्हणजे राग वरवरचा आहे. पुढच्या बोटीनं मी स्वतः जातो आणि तिला घेऊन येतो. इन्शाल्ला, अलीमियाँ म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले. परतीच्या ट्रकमध्ये डबा त्याच्या मांडीवर होता. छत्री तो टपरीवरच विसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई हातात पत्र घेऊन स्वयंपाकघरात आल्या. फिल्मला विलायतेत बक्षीस मिळालं होतं. कोण कुठल्या गावची माणसं साहेबाला लिहीत होती, की तो घास बघून आम्ही बऱ्याच दिवसांनी आईबापांना भेटायला गेलो, भांडण विसरून एकत्र जेवलो. त्या छोट्या मुलीला कुणी बाहुली पाठवली होती. तू किती घरं सांधलीस बघ, असं बाई आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या. मग बायको कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. पुढच्या बोटीनं येतेय, असं खैरुद्दीननं सांगितलं.

त्यानं हरीस चढवली. तीस माणसांना तीन शिंपले मीठ, सपाट. मग डबा उघडला. मसाला यंदा जरा फिका दिसत होता. मिरची जुनी असेल, त्याला वाटलं. एरवी चिमूट टाकायचा, आज ओंजळभर टाकला. कितीतरी महिन्यांनी हाफिजाच्या हातचं काही आलं होतं. घोटून झाल्यावर त्यानं पळीभर चाखलं. धने होते, बडीशेप होती, मिरचीचा झटका होता. तिचाच हात. त्याला भरून आलं. साजिदानं वाडगी भरून पडवीत नेली.

अळीव आणणारी ती म्हातारी त्या दिवशी दुसऱ्या नातीच्या बाळंतपणाला आली होती. तिनं बोटभर हरीस तोंडात घातली आणि वाडगं खाली ठेवलं. पलीकडची खोकणारी बाई थुंकली. मग एकामागून एक वाडगी जमिनीवर ठेवल्याचे आवाज यायला लागले. कुणी पाणी मागितलं. खैरुद्दीन दाराशी आला. काय झालं ते त्याला कळेना. शहनाझनं आईच्या वाडग्यात बोट बुडवलं होतं, ती तोंड वेडंवाकडं करून ओरडली, "सॉल्ट! सॉल्ट!"

साजिदानं चाखलं. ती स्वयंपाकघरात आली आणि डब्यात ओलं बोट बुडवून जिभेला लावलं.

"भाईजान, मसाल्यात निम्मं मीठ कांडलंय," ती म्हणाली. मग त्याच्याकडे नीट बघत तिनं विचारलं, "तुम्ही चाखलं होतंत ना?"

पडवीतून डॉक्टरीणबाई हाका मारत होत्या. खैरुद्दीननं बायकांनी टाकलेलं एक वाडगं उचललं, त्या कमी उंचीच्या ओट्यावर बसला आणि खायला लागला. एक घास, दुसरा, तिसरा. साजिदा नको नको म्हणत होती. त्यानं वाडगं संपवलं. हरीस नेहमीसारखीच झाली होती.